तपासनिसाला काय दिसतं?

कापडाची बिनबाह्यांची बंडी. ती म्हाताऱ्या माणसाच्या अंगात चढवायची, दोन्ही बाजूंचे लांब बंद खुर्चीच्या पाठीमागे न्यायचे आणि बसलेल्याचा हात पोचणार नाही अशा जागी गाठ मारायची. कॅलिफोर्नियातली पोझी ही कंपनी अशा बंड्या, कमरपट्टे आणि मनगटाचे बंद बनवी. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या तोंडी ते नाव इतकं बसलं होतं की बंडी कुणीही बनवलेली असो, तिला ‘पोझी’च म्हणत. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या नर्सिंग होममधल्या दर दहा रहिवाशांपैकी सुमारे चार जण दिवसातला काही ना काही वेळ असे बांधलेले असत. स्मृतिभ्रंश झालेल्यांवर ही पाळी सर्वांत जास्त येई. का बांधलं, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं : पडू नये म्हणून.

हे उत्तर देणाऱ्या परिचारिका निर्दय नव्हत्या. त्यांना तसंच शिकवलेलं होतं. म्हातारा पडला, खुब्याचं हाड मोडलं, नातेवाईक कोर्टात गेले, तर ‘तुम्ही त्याला बांधलं का नव्हतं?’ असा प्रश्न येईल याची धास्ती होती. आणि ज्या सरकारी तपासनिसांनी या घरांवर लक्ष ठेवायचं, त्यांना या गाठींत वावगं काही दिसत नव्हतं. का दिसत नव्हतं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे एखाद्या डॉक्टरांचं छोटं खासगी रुग्णालय. अमेरिकेत मात्र म्हातारी माणसं जिथे महिनोन्‌महिने, पुष्कळदा शेवटपर्यंत राहतात अशी ही जागा. तिचा जन्म एका कायद्यातल्या अटीतून झाला. १९३५च्या सोशल सिक्युरिटी कायद्याने गरीब वृद्धांना सरकारी मदत सुरू केली, पण सार्वजनिक आश्रयगृहांत राहणाऱ्यांना ती मिळणार नाही असंही ठरवलं. हेतू चांगला होता. बदनाम झालेली ही ‘गरीबघरं’ ओस पडावीत. ती पडलीही. पण त्यांतल्या आजारी म्हाताऱ्यांना कुठेतरी राहावं लागणारच होतं. ते सरकारी मदतीचे पैसे घेऊन खासगी घरांत गेले आणि बघता बघता त्यातून एक धंदा उभा राहिला. १९५४ साली रुग्णालयं बांधण्यासाठीचा केंद्राचा निधी नर्सिंग होमनाही मिळू लागला, त्याबरोबर रुग्णालयाचा आराखडाही आला : लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना एकसारखे दरवाजे, मध्यावर परिचारिकांचं टेबल. ज्याला आपली खोली कोणती हे आठवत नाही, त्याच्यासाठी याहून गोंधळाची इमारत शोधून सापडली नसती. मग १९६५ साली वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या सरकारी आरोग्य योजना आल्या, सरकारी पैशाचा ओघ सुरू झाला आणि घरांची संख्या झपाट्याने वाढली.

नियम आले ते बहुतेक अपघातांच्या मागून. २३ नोव्हेंबर १९६३ला, म्हणजे केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे, ओहायोतल्या फिचव्हिल गावाजवळचं गोल्डन एज नर्सिंग होम जळालं. आतल्या ८४ रहिवाशांपैकी ६३ जण गेले. देश दुसऱ्याच दुःखात होता, त्यामुळे या बातमीकडे लक्ष जायला वेळ लागला. छतात पाण्याचे फवारे असते तर अनेक जण वाचले असते, हे तेव्हाही कळत होतं. तरी देशातल्या प्रत्येक नर्सिंग होममध्ये असे फवारे सक्तीचे व्हायला ऑगस्ट २०१३ उजाडावं लागलं. त्याआधी २००३ साली हार्टफर्ड आणि नॅशव्हिलमध्ये पुन्हा दोन मोठ्या आगी लागाव्या लागल्या. पन्नास वर्षं! आणि ही झाली सर्वांत सोप्या, डोळ्यांना दिसणाऱ्या नियमाची कथा.

या काळात स्मृतिभ्रंशाला आजार म्हणून कुणी फारसं ओळखतच नव्हतं. साठी-सत्तरीनंतर माणूस विसरू लागला की म्हातारचळ म्हणून सोडून द्यायचं, ही रीत तिकडेही होती; डॉक्टर त्याला मेंदूच्या रक्तवाहिन्या कडक झाल्या असं म्हणत. अल्झायमर हे नाव पन्नाशी-साठीत होणाऱ्या एका दुर्मीळ रोगासाठी राखून ठेवलेलं. १९७६ साली रॉबर्ट कॅट्झमन या मेंदूविकारतज्ज्ञाने एका संपादकीयात ठणकावून सांगितलं की तो दुर्मीळ रोग आणि म्हातारपणीचा हा विसर एकच आहे, आणि तसं धरलं तर हा देशातल्या सर्वांत मोठ्या प्राणघातक रोगांपैकी एक ठरतो. चार वर्षांत रुग्णांच्या कुटुंबीयांची देशव्यापी संघटना उभी राहिली. त्याआधीच, १९७४ साली, फिलाडेल्फियात मानसशास्त्रज्ञ पॉवेल लॉटन यांच्या सल्ल्याने वाइस इन्स्टिट्यूट नावाची इमारत उभी राहिली होती. तिच्यात बोळ नव्हते. मध्ये मोठी मोकळी जागा आणि भोवती खोल्या. आपल्या दारात उभं राहिलं की जेवणाची जागा, बसायची जागा, समोरची माणसं, सारं दिसावं. कुठे जायचं हे आठवायची गरजच पडू नये, ही त्यामागची कल्पना. ती पसरायला पुढे दोन दशकं लागली. तोवर बाकी ठिकाणी जुनेच बोळ आणि जुनीच बंडी.

आणि गोळी. १९८० साली टेनेसी राज्यातल्या १७३ नर्सिंग होमचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मेडिकेडच्या खर्चाने राहणाऱ्या ५,९०२ रहिवाशांपैकी ४३ टक्क्यांना मनोविकारावरची, म्हणजे मुळात स्किझोफ्रेनियासाठी असलेली, औषधं दिली गेली होती. ज्या डॉक्टरांकडे अशा घरांतले रुग्ण जास्त, ते दर रुग्णामागे ही औषधंही जास्त लिहीत. यावरून काय समजायचं ते समजावं.

मग तपासनीस काय करत होते? याचं उत्तर एका खटल्यात मिळालं. १९७५ साली डेन्व्हरमधल्या नर्सिंग होमच्या रहिवाशांनी मेडिकेडच्या सर्व रहिवाशांच्या वतीने केंद्रीय कोर्टात दावा लावला : ज्या घरांना सरकार पैसे देतं, तिथे खरोखर शुश्रूषा होते की नाही हे पाहणं सरकारचं कर्तव्य आहे. हा दावा ‘स्मिथ विरुद्ध हेक्लर’ या नावाने ओळखला जातो. दावा नऊ वर्षं चालला आणि त्यात तपासणीचा सरकारी छापील तक्ता कोर्टापुढे आला. त्यात ५४१ प्रश्न होते. रहिवाशांच्या शुश्रूषेशी ओढूनताणून का होईना संबंध असलेले, किंवा ज्यांच्यासाठी एखाद्या रहिवाशाकडे नजर टाकावी लागेल असे प्रश्न त्यांत ३० भरले. बाकीचे सगळे दाराच्या रुंदीचे, भटारखान्याचे, नोंदवह्यांचे, लेखी धोरणांचे. अंथरुणातून कूस न बदलल्यामुळे माणसाच्या पाठीला जखम झाली आहे का, हे न पाहता ‘जखमा होऊ नयेत यासाठी लेखी कार्यपद्धती आहे का’ एवढं विचारलं की तपासणी संपे. शुश्रूषा करण्याची ऐपत तपासली जाई, शुश्रूषा नव्हे. १९८४ साली अपील कोर्टाने सरकारविरुद्ध निकाल दिला.

राजकारण मात्र उलट दिशेला चाललं होतं. १९८२ साली रेगन सरकारने, उद्योगावरचा नियमांचा बोजा हलका करायचा म्हणून, नर्सिंग होमचे नियम सैल करायचा प्रस्ताव आणला. गदारोळ उठला. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, त्याला खीळ घातली आणि मधला मार्ग म्हणून इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेकडे अभ्यास सोपवला गेला. समितीचे अध्यक्ष सिडनी कॅट्झ. आंघोळ, कपडे, शौच, जेवण अशा रोजच्या गोष्टी माणूस किती स्वतःच्या स्वतः करू शकतो, याचं जगभर वापरलं जाणारं मोजमाप त्यांनीच बसवलेलं. अशा माणसाकडे समिती गेली तेव्हाच अर्धं काम झालं होतं, असं मला वाटतं; कारण इमारतीकडून माणसाकडे नजर वळवायची सवय त्यांना आयुष्यभराची होती.

त्याच सुमाराला एल्मा होल्डर यांनी १९७५ साली स्थापलेल्या नागरिक संघटनेने आणखी एक साधी गोष्ट केली, जी तोवर कुणाला सुचली नव्हती. चांगली शुश्रूषा म्हणजे काय, हे त्यांनी रहिवाशांनाच विचारलं. १५ शहरांतल्या साडेचारशेहून अधिक रहिवाशांशी बोलून १९८५ साली अहवाल निघाला. लोकांनी जास्त उपचार मागितले नव्हते. आपुलकीने वागणारी माणसं आणि काय खायचं, कधी उठायचं यात स्वतःचा थोडा शब्द, एवढंच मागितलं होतं.

कॅट्झ समितीचा अहवाल १९८६ साली आला आणि २२ डिसेंबर १९८७ रोजी, अर्थसंकल्पाच्या एका जाडजूड कायद्याच्या पोटात, नर्सिंग होम सुधारणांचा भाग मंजूर झाला. सही केली ती रेगन यांनीच. या कायद्याला सगळे ‘ओब्रा’ म्हणतात. प्रत्येक रहिवाशाची ठराविक नमुन्यात तपशीलवार तपासणी आणि त्यावरून त्याच्यापुरता शुश्रूषेचा आराखडा. मदतनीस म्हणून काम करणाऱ्यांना निदान ७५ तासांचं प्रशिक्षण. तपासनिसांनी रहिवाशांशी बोलायचं, त्यांना पाहायचं. आणि मुख्य म्हणजे शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी कुणालाही बांधायचं नाही, ना पट्ट्याने ना औषधाने. बांधायचंच असेल तर त्याला वैद्यकीय कारण हवं. ही कलमं ऑक्टोबर १९९० पासून लागू झाली. बांधणं म्हणजे काय, याची व्याख्याही तपासनिसांच्या मार्गदर्शिकेत हळूहळू बारकाईने आली. बसलेल्याला काढता येणार नाही अशी फळी समोर अडकवलेली खुर्ची हे बांधणंच. चादर गादीखाली इतकी घट्ट खोचणं की माणसाला हलता येऊ नये, हेही बांधणंच. चाकाची खुर्ची भिंतीला अशी टेकवून ठेवणं की बसलेल्याला उठता येऊ नये, तेही.

कायदा झाला, पण न बांधता चालवायचं कसं? याचं उत्तर पेनसिल्व्हेनियात तयार होतं. केनेट स्क्वेअर गावात क्वेकर पंथीयांनी १९७३ साली केंडल नावाची वृद्धांची वसाहत उघडली होती आणि तिथे पहिल्या दिवसापासून कुणालाही बांधलेलं नव्हतं. १९८६ साली त्यांनी ‘वृद्धांना सोडवा’ अशी मोहीमच सुरू केली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या परिचर्याशास्त्राच्या दोन प्राध्यापक, लोइस इव्हान्स आणि नेव्हिल स्ट्रम्फ, याच विषयावर काम करत होत्या. डिसेंबर १९८९मध्ये सिनेटच्या वृद्धांविषयीच्या समितीने यावर एक परिसंवाद भरवला. त्यातलं सांगणं सरळ होतं : माणूस खुर्चीतून का उठतो, ते आधी शोधा. समजा, रोज दुपारी चारच्या सुमारास एक आजोबा उठून दाराकडे निघतात. बांधलं तर ओरडतात. त्यांना लघवीला लागलेली असेल. खुर्ची टोचत असेल. किंवा तीस-चाळीस वर्षं त्या वेळी कामावरून सुटायची सवय असेल. पावणेचारला कुणीतरी त्यांना शौचालयात नेऊन आणलं, मग हात धरून बागेत एक फेरी मारली, तर बंडीची गरज राहत नाही. पलंग जमिनीलगत, खाली जाड चटई, पायात न घसरणारे बूट. यात शास्त्र थोडं, लक्ष जास्त.

पडू नये म्हणून बांधतो, या जुन्या उत्तराचं काय झालं? १९९२ साली त्याच्यावर दोन बाजूंनी घाव बसला. येल विद्यापीठाच्या मेरी टिनेटी यांनी कनेटिकटमधल्या १२ घरांतल्या ३९७ रहिवाशांचा वर्षभर मागोवा घेतला. न बांधलेल्यांपैकी ५ टक्के पडून गंभीर जखमी झाले. बांधलेल्यांपैकी १७ टक्के. बांधलेले लोक मुळात जास्त अशक्त होते हे खरं, पण तो फरक गणितात धरल्यावरही बांधण्याने कुणाचं रक्षण झालेलं दिसेना. बसून बसून पायातली ताकद जाते, आणि सुटण्याच्या धडपडीत माणूस जास्त वाईट पडतो. दुसरीकडे मिनेसोटातले डॉक्टर स्टीव्हन माइल्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने या बंड्या-पट्ट्यांमुळेच झालेले १२२ मृत्यू शोधून मांडले. त्या उन्हाळ्यात केंद्रीय औषध प्रशासनाने या साधनांविषयी देशभर इशारा दिला. घसरून खाली लोंबकळलेल्या माणसाच्या छातीवर किंवा गळ्यावर बंडी आवळली जाते, हे त्यात स्पष्ट सांगितलं होतं.

पुढे जे झालं त्याची बरोबरी करणारं उदाहरण वृद्धांच्या शुश्रूषेत क्वचितच सापडेल. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला चाळीस टक्क्यांच्या घरात असलेलं बांधण्याचं प्रमाण १९९१मध्ये २१ टक्क्यांवर आलं आणि २००७ पर्यंत ५ टक्क्यांच्या आत. माणसं वाढवावी लागतील, दावे लागतील, खर्च आभाळाला भिडेल, असं उद्योगाचं म्हणणं होतं. पण आकडा खाली येतच राहिला. हे जमलं त्याचं एक कारण मला अगदी साधं वाटतं. गाठ दिसते. दारातून आत आलेल्या तपासनिसाला ती लपवता येत नाही.

गोळी दिसत नाही. १९९०च्या नियमांनंतर जुन्या मनोविकारी औषधांचा वापरही सुरुवातीला उतरला. पण १९९४ साली रिस्पेरिडोन आणि १९९६ साली ओलान्झापिन ही नव्या पिढीची औषधं बाजारात आली. यांचे दुष्परिणाम कमी, असा गाजावाजा झाला आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना ती सर्रास दिली जाऊ लागली, जरी त्यासाठी ती मंजूर नव्हती. एप्रिल २००५ मध्ये औषध प्रशासनाने सर्वांत कडक इशारा छापायला लावला : १७ चाचण्या एकत्र पाहता, ही औषधं घेणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांपैकी साधारण ४.५ टक्के दगावले, औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांपैकी २.६ टक्के. चाचण्या जेमतेम दहा आठवड्यांच्या.

विक्री कशी चालली होती, ते नंतर सरकारी खटल्यांतून बाहेर आलं. एलाय लिली कंपनीच्या विक्रेत्यांना शिकवलेलं एक वाक्य त्यांत आहे, संध्याकाळी पाचला पाच मिलिग्रॅम. ओलान्झापिनने येणारी झोप हा दोष न सांगता गुण म्हणून विकायची, म्हणजे रहिवासी शांत झोपतील आणि रात्रपाळीला त्रास नाही. जानेवारी २००९मध्ये कंपनीने गुन्हा कबूल करून १.४१५ अब्ज डॉलर भरायचं मान्य केलं. नोव्हेंबर २०१३मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने रिस्पेरिडोनसह काही औषधांच्या प्रकरणांत २.२ अब्जांहून जास्त भरले. कायद्याने पट्टा सोडवला होता, तो औषधाच्या रूपाने पुन्हा बांधला गेला, आणि या वेळी बिल सरकारी योजना भरत होत्या.

२०१२ साली सरकारने स्मृतिभ्रंशाच्या शुश्रूषेसाठी देशव्यापी मोहीम काढली आणि प्रत्येक नर्सिंग होममधल्या या औषधांचा आकडा लोकांना पाहायला खुला केला. २०११च्या शेवटी दीर्घकाळ राहणाऱ्यांपैकी २३.९ टक्के ही औषधं घेत होते. २०१९ पर्यंत आकडा १५च्या खाली आला. टाळ्या वाजल्या. पण त्या आकड्यात एक पळवाट होती आणि ती न्याय्यही होती : स्किझोफ्रेनियासारख्या ज्या आजारांवर ही औषधं खरोखर लागतात, त्या रुग्णांना मोजणीतून वगळलेलं. मग नर्सिंग होममधले स्किझोफ्रेनियाचे रुग्ण वाढू लागले. हा आजार बहुतेकदा तरुणपणी सुरू होतो. ऐंशीव्या वर्षी, नर्सिंग होमात आल्यावर तो अचानक जडणं अत्यंत दुर्मीळ. मे २०२१मध्ये आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी दाखवून दिलं की ज्यांच्या नावापुढे घरांनी हा आजार लिहिला होता, त्यांतल्या जवळपास तिसऱ्या हिश्शासाठी त्या निदानाचं मेडिकेअरकडे एकही बिल आलेलं नव्हतं. त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सने हिशेब मांडला : नर्सिंग होमात दर नऊ रहिवाशांत एकाला स्किझोफ्रेनिया, बाहेरच्या लोकांत साधारण दीडशेत एकाला.

म्हणजे गाडी फिरून त्याच ५४१ प्रश्नांच्या तक्त्यापाशी आली होती. औषधांच्या आकड्याचा पाया म्हणजे ओब्राने घालून दिलेली रहिवाशाची तपशीलवार नोंद, आणि ती नोंद भरतं कोण, तर ते घरच. जानेवारी २०२३पासून सरकारने या निदानांची स्वतंत्र फेरतपासणी सुरू केली आणि खोटं आढळल्यास घराचा दर्जा खाली आणायचं ठरवलं.

माणसं किती हवीत, हा प्रश्न १९८७च्या कायद्याने ‘पुरेशी’ या एका शब्दावर सोडून दिला होता. दर रहिवाशामागे रोज सुमारे ४.१ तासांची शुश्रूषा हवी, असं २००१मध्ये काँग्रेसला सादर झालेल्या अभ्यासात म्हटलं होतं. २०२४ साली सरकारने ३.४८ तासांचा नियम काढला. एप्रिल २०२५मध्ये टेक्सासमधल्या केंद्रीय कोर्टाने तो रद्द ठरवला आणि त्याच वर्षी जुलैत झालेल्या कायद्याने त्याची अंमलबजावणी २०३४पर्यंत थोपवली. चार वाजता उठणाऱ्या आजोबांना पावणेचारला कुणीतरी नेऊन आणायचं, त्या ‘कुणीतरी’चा हा हिशेब आहे.

दरम्यान स्मृतिभ्रंश झालेल्यांचा मोठा ओघ दुसरीकडेच वळला आहे. ऐंशीच्या दशकात ओरेगनमध्ये केरेन ब्राउन विल्सन यांनी नर्सिंग होमला पर्याय म्हणून सहायित निवासाची कल्पना रुजवली : स्वतःची खोली, स्वतःची किल्ली, लागेल तेवढी मदत. विल्सन यांना त्यात स्वातंत्र्य अभिप्रेत होतं. आज अशा निवासांत स्मृतिभ्रंशासाठी वेगळे, आकड्यांच्या कुलपाचे विभाग असतात आणि महिन्याचं भाडं बहुतेक कुटुंबं स्वतःच्या खिशातून भरतात. ओब्रा तिथे लागू नाही. नियम राज्याराज्यांचे, एका राज्यात कर्मचाऱ्यांना स्मृतिभ्रंशाचं सविस्तर प्रशिक्षण सक्तीचं, दुसऱ्यात नावापुरतं. कुठल्या निवासात किती जणांना संध्याकाळची गोळी चालू आहे, याचा नर्सिंग होमबद्दल निदान प्रसिद्ध तरी होणारा आकडा या निवासांसाठी देशपातळीवर कुणी गोळाच करत नाही.